नास्तिक आईबाप आणि देवळातली बालवाडी

शेवंती

नाशिककर पालकांचं मत हवंय, बाहेरच्यांचंही चालेल. आधीच सांगते, 'देव आहे की नाही' हा या धाग्याचा विषय नाही. त्यावर इथे ढीगभर धागे पडलेत, तिकडे जाऊन भांडा.

आम्ही इंदिरानगरला राहतो. मी आणि नवरा, दोघंही देव मानत नाही. रजिस्टर लग्न केलं, घरात देव्हारा नाही, लेकीचं बारसं केलं ते नाव ठेवायला आणि लोकांना जेवायला घालायला. कुणाकडे आरती चालू असली तर उभे राहतो, प्रसाद आवडीने खातो. कट्टर वगैरे नाही, पण मानत नाही म्हणजे नाही.

लेक जूनमध्ये साडेतीनची होईल. घराजवळ दोन पर्याय आहेत. एक फ्रँचायझी प्रीस्कूल. एसी, भिंतींवर कार्टून, वर्गात कॅमेरे, ते मोबाइलवर लाइव्ह बघता येतात. फी ऐकून नवरा म्हणाला, "माझ्या इंजिनिअरिंगला एवढी नव्हती." तिथल्या मॅडम पोरांशी इंग्रजीत बोलतात आणि पोरं मॅडमच्या तोंडाकडे बघत बसतात. दुसरी एका धार्मिक ट्रस्टची बालवाडी. देवळाच्याच आवारात, मराठी, घरापासून चालत जाण्यासारखी.

दोन्हीकडे जाऊन बसले. बालवाडीत एक नवीन मुलगा दाराला धरून रडत होता. ताईंनी त्याला उचललं नाही, समजावलं नाही. त्याच्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसल्या आणि एका पातेल्यातले चिंचोके वाटीने दुसऱ्या पातेल्यात ओतायला लागल्या. मधूनच थोडे खाली सांडू दिले. थोड्या वेळाने पोरगं हुंदके देतच खाली बसलं, सांडलेले चिंचोके वेचायला लागलं, आणि मग त्याने वाटी मागितली. मी मनातल्या मनात तिथेच फॉर्म भरून टाकला होता.

आता पुढचं. दिवस प्रार्थनेने सुरू होतो. डबा उघडायच्या आधी 'वदनी कवळ', गुरुवारी आरती, आषाढीला दिंडी, मोठ्या गटाला श्लोकपाठांतर आणि वर त्याची स्पर्धा. हे सगळं मी चालवून घेईन. पण निघता निघता एका मुलीने दुसरीचा खडू फ्रॉकमध्ये लपवला आणि 'मी नाही' म्हणाली. तर त्याच ताई म्हणाल्या, "खोटं बोललं की बाप्पा वरून बघतो हं." ती मुलगी मान वर करून छताकडे बघायला लागली.

घरी येऊन हे सांगितलं तर नवऱ्याच्या मते विषय संपला. सासूबाई पंचवटीत असतात, त्या मात्र भलत्याच खूश आहेत. कुणी असं घातलंय का मुलांना? घरी पुढे काय झालं?

टांगेवाला

घाला बिनधास्त. मी नाशिकरोडला कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. सकाळी आकाशातल्या बापाची प्रार्थना, संध्याकाळी शुभंकरोति, शनिवारी आजोबांबरोबर मारुती. तिन्ही खाती व्यवस्थित चालू होती. आज तिघांपैकी कुणालाच मानत नाही. पाच वर्षांच्या पोराला प्रार्थना म्हणजे रांगेत उभं राहून पुढच्याच्या पाठीत बोट खुपसायची वेळ. एवढं मनावर घेऊ नका.

विवेकवाटा

टांगेवाला, तुम्ही सुटलात म्हणून पद्धत चांगली ठरत नाही. तुमच्याच वर्गातले किती जण आज पुष्कराज घालून फिरतायत ते मोजा.

दोन ते सात वर्षांच्या मुलांचा विचार कसा चालतो यावर पियाजे या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलंय. त्या वयात चंद्र आपल्या मागे मागे येतो असं मुलांना खरोखर वाटतं. मोठं माणूस जे सांगेल ती त्यांच्यासाठी माहिती असते, मत नसतं. 'आगगाडी रुळावरून चालते' आणि 'बाप्पा वरून बघतो' ही दोन्ही वाक्यं डोक्यात एकाच कप्प्यात जाऊन बसतात. मोठ्या माणसाला 'हे माझं मत, ते तुझं' म्हणता येतं. साडेतीन वर्षांच्या पोरीने ते कसं म्हणायचं?

आणि घरी तुम्ही वेगळं सांगणार. म्हणजे तिने ताई आणि आई यांतली एक खोटी ठरवायची. त्यापेक्षा फ्रँचायझीची फी भरा. ती जमत नसेल तर महापालिकेची अंगणवाडी बघा. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या ठिकाणी तरी निदान आवाज चढवून बोलता येतं.

दोनडबे

विवेकवाटा, महापालिकेच्या अंगणवाडीत सरस्वतीपूजन नसतं असं वाटतंय का तुम्हाला? :)

शेवंती, माझा मुलगा कॉन्व्हेंटच्या केजीत होता. आम्ही दोघंही तुमच्यासारखेच. पहिल्या महिन्यात तो घरी चकली खाण्याआधी कपाळ, छाती, खांदे असं करून 'आमेन' म्हणायला लागला. आम्ही हसलो. माझ्या आईने दोन दिवस अन्न गोड लागत नाही म्हणून सांगितलं. तुमच्याकडे उलटं आहे, आजी खूश आणि बाबा नाराज. त्रास कुणाला होणार हे देव कोणता यावर ठरतं एवढंच.

मला खरा त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. त्यांच्या वर्गात क्रूस होता, येशूच्या मूर्तीसह. एका रात्री झोपायच्या आधी त्याने विचारलं, "त्या काकांना हातात खिळे कुणी मारले? त्यांनी काय केलं होतं?" मी सांगितलं, फार जुनी गोष्ट आहे, तेव्हाच्या राजाच्या लोकांनी मारले. तर म्हणाला, "टीचर म्हणाल्या आपल्यामुळे." पुढचे काही दिवस तो मूठ घट्ट मिटून झोपायचा. मी शाळेत जाऊन सिस्टरशी बोलले. त्या बाई खरंच समजूतदार निघाल्या. भांडण नाही, काही नाही. त्याला दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसवलं आणि ती गोष्ट वर्गात परत सांगितली गेली नाही. बाकी नाताळ, नाटकात मेंढी होणं, कॅरल, यातलं सगळं त्याला प्रचंड आवडलं. आज तो नववीत आहे, त्याला फक्त मेंढी आठवते.

अ‍ॅडगोदा

कायद्याचा मुद्दा येणारच, म्हणून आधीच लिहून ठेवते.

घटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. त्याच कलमाचा तिसरा भाग तुमच्या कामाचा आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या कुणालाही धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. याच मुद्द्यावरची एक महत्त्वाची केस आपल्या नाशिकचीच आहे. इथल्या अनुदानित शाळेतल्या एका शिक्षकांनी प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, त्यावरून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली, आणि २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला.

पण या निकालाचा कागद घेऊन बालवाडीत जाऊ नका. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे, आणि खासगी बालवाड्यांपैकी बऱ्याच मान्यता-अनुदानाच्या भानगडीत पडलेल्याच नसतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरलाय, म्हणून बालवाडी लगेच कलम २८ खाली येत नाही. थोडक्यात, इथे हक्क कमी आणि तोंडाची गोडी जास्त चालते. फॉर्मवर 'संस्थेच्या सर्व धार्मिक उपक्रमांना माझी संमती आहे' अशी ओळ आहे का तेवढं वाचा. असेल तर तिथेच पेनने लिहा की श्लोकस्पर्धेसाठी आधी विचारावं. लोक फॉर्म वाचत नाहीत, फक्त फोटो चिकटवतात.

खरा_नाशिककर

देव नको, धर्म नको, मग दिवाळीची सुट्टी आणि बोनस कसा चालतो? देवळाच्या आवारातली स्वस्त बालवाडी पाहिजे, पण देव नको. स्वतःची नास्तिक बालवाडी काढा ना.

शेवंती

@खरा_नाशिककर, बोनस कंपनी देते. बालवाडी काढायची कल्पना चांगली आहे, जागा तुमची का?

@दोनडबे, मुठीचं वाचून पोटात गोळा आला. मला नेमकी हीच भीती आहे. प्रार्थनेची नाहीच.

निळीपहाट

बराच वेळ नुसती वाचत होते. आता लिहितेच.

आम्ही सातपूरला राहतो, बौद्ध आहोत. घरी पूजाअर्चा नाही, वंदना असते. सगळे प्रार्थनेवर बोलताय. मी तुम्हाला डब्याचं सांगते.

माझ्या मुलाला अशाच एका बालवाडीत घातलं होतं, नाव लिहीत नाही. प्रार्थना, दिंडी, सगळं आम्ही चालवून घेतलं. एके दिवशी डब्यात अंडाभुर्जी दिली. डबा जसाच्या तसा परत आला, बरोबर चिठ्ठी, 'कृपया सात्त्विक डबा द्यावा.' म्हटलं ठीक आहे, त्यांचा नियम आहे, पोळीभाजी देऊ. पण रात्री पोरगं माझ्याकडे पाठ करून झोपलं. विचारलं तर म्हणतं, "अंडं खाणाऱ्यांच्या तोंडाला घाण वास येतो. मी तुझ्याजवळ नाही झोपणार."

त्या बाई वाईट होत्या असं नाही म्हणत. चिंचोके त्याही चांगले ओतत असतील. पण ज्या गावात काळारामाच्या दाराशी १९३० साली सत्याग्रहाला बसावं लागलं, त्या गावात 'घाण' हा शब्द कुणाच्या घरापर्यंत जाऊन पोचतो ते बाईंना कळायला हवं होतं. तुम्ही नास्तिक आहात, तरी तुमचं आडनाव तुम्हाला सांभाळून घेतं. 'त्यांचे विचार वेगळे आहेत' एवढ्यावर तुमचं भागतं. आमचा विचार वेगळा असला की लगेच घर कोणतं ते विचारतात.

म्हणून शेवंती, बाप्पा काय बघतो ते नंतर विचारा. डब्याचा नियम काय आहे, आणि तो मुलांना कुठल्या शब्दांत सांगतात, ते आधी विचारा. माझ्या अनुभवाने सांगते, धर्म त्या वयात डब्यातून आत जातो. श्लोक पोरं विसरून जातात.

दोनडबे

निळीपहाट, हे मला सुचलंच नसतं. माझा आयडी दोनडबे असूनही.

विवेकवाटा

+१. याच्यावर माझ्याकडे पियाजे नाही.

बालवाडीबाई

मी बालवाडी शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. देव मानते, रोज पूजा करते. तरी लिहिते, चालेल ना?

प्रार्थना का घेतो ते आधी सांगते. लहान गटातली मुलं सकाळी येतात ती घरचं सगळं अंगावर घेऊन येतात. कुणी झोपेतून उचलून आणलेलं असतं, कुणाच्या आईबाबांचं भांडण झालेलं असतं. रोज तेच गाणं, त्याच जागी, त्याच क्रमाने म्हटलं की ती वर्गात येतात. अंगाने आधीच आलेली असतात, मनाने तेव्हा येतात. हे काम देवाच्या गाण्याने होतं, पावसाच्या गाण्यानेही होतं. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी उभी केली ती परिसरातल्या वस्तूंवर आणि गाण्यागोष्टींवर. ते चिंचोके तिथूनच आलेत बरं का, देवळातून नाही. म्हणजे त्या ताईंचं कुठेतरी नीट शिक्षण झालेलं आहे. अशी ताई सोडू नका.

आता 'बाप्पा बघतो.' खरं सांगू का, ते धर्मशिक्षण कमी आणि थकवा जास्त असतो. एका ताईकडे तीस मुलं असली, मदतनीस रजेवर असली आणि दोघी खडूवरून भांडत असल्या की तोंडातून सर्वांत जवळचं वाक्य बाहेर पडतं. काही ठिकाणी ते 'पोलीसकाका येतील' असतं, काही ठिकाणी 'डॉक्टर सुई टोचतील'. माझी नात पुण्यात तुमच्यासारख्याच त्या एसीच्या शाळेत जाते. तिथे मॅडम म्हणतात, "कॅमेऱ्यात मम्मा बघतेय." तीही वर छताकडेच बघते.

तेव्हा वर्गात मुलं किती आणि ताया किती ते मोजा. मग ताईंशी बोला, पण सुटायच्या वेळी दारात उभं राहून बोलू नका. तेव्हा डबे, चपला, व्हॅनवाले, सगळं एकदम चालू असतं आणि ताई तुम्हाला वाटेला लावण्यासाठी 'हो हो' म्हणतील. मुलं गेल्यावर या. 'तुम्ही देवाची भीती घालता' असं म्हणू नका, त्या बंद होतील. 'आमची लेक घाबरट आहे, कुणी वरून बघतंय म्हटलं की रात्री झोपत नाही, तिला खोटं बोलल्यावर तुम्ही काय सांगाल?' असं विचारा. चांगली ताई असेल तर विचारात पडेल. लगेच तयार उत्तर आलं तर मात्र जरा सावध राहा.

टांगेवाला

बालवाडीबाई, कॅमेऱ्याचं वाचून उठून पाणी प्यायलो.

वाचनमात्र_होतो

अवांतर: नास्तिक घरातली मुलं 'बाप्पा आहे का?' विचारतात तेव्हा काय सांगता? आम्ही 'आजीला वाटतं आहे, आम्हाला वाटतं नाही, तू मोठी झालीस की ठरव' असं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मी मोठी होईपर्यंत मोदक कोण खाणार?"

दोनडबे

आमच्याकडे या उत्तराने गोंधळ झाला होता. मुलाने लगेच आजीला जाऊन विचारलं, "तू चुकतेस का?" आता आम्ही 'आहे-नाही' मध्ये शिरत नाही. 'ती गोष्ट आहे, आणि पुष्कळ लोकांना ती फार आवडते' असं सांगतो. भीम, हनुमान, येशू, सांता, सगळे गोष्टीतले. पोरांना गोष्टीतलं आणि घरातलं यांतला फरक आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कळतो. वाघाची गोष्ट ऐकून कुणी पोर वाघाला डबा ठेवत नाही.

विवेकवाटा

गणपतीला ठेवतं की.

शेवंती

अपडेट देते.

बालवाडीबाईंनी सांगितलं तसंच केलं, मुलं गेल्यावर गेले. वर्गात मुलं चोवीस, ताई दोन, मदतनीस मावशी एक. मी ठरवलेलं वाक्य म्हटलं. ताई थोडा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मला पण लहानपणी तसंच सांगायचे, बोलून जाते मी." खोटं बोललेल्या मुलाला त्या एरवी काय सांगतात ते विचारलं. म्हणाल्या, खडू परत जागेवर ठेवायला लावते आणि 'तिला विचार, तिला कसं वाटलं' म्हणते. म्हटलं, बस, एवढंच हवंय.

मग डब्याचं काढलं. तिथे गाडी अडली. अंडं चालणार नाही, ट्रस्टचा नियम आहे, त्यांच्या हातात नाही. मी निळीपहाटचा किस्सा नाव न घेता सांगितला. ताईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, मुलांना 'शाळेत हा डबा नाही, घरी खा' एवढंच सांगू, घाणबिण नाही म्हणणार. पण तेवढ्यात ट्रस्टचे एक काका हिशेबाला आले होते, ते मध्येच बोलले, "सात्त्विक खाल्लं की बुद्धी सात्त्विक होते, त्यात काय वाईट सांगितलं?" ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या, काही बोलल्या नाहीत. मीही त्या वेळी बोलले नाही, प्रवेश घ्यायचा होता. ते काका वर्गात येत नाहीत असं ताई नंतर म्हणाल्या.

घालतोय. एका वर्षासाठी. श्लोकस्पर्धेत नाव द्यायचं नाही असं फॉर्मवर लिहिलं, @अ‍ॅडगोदा, थँक्यू. दिंडीला पाठवणार. त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी नाशकातून जाते तेव्हा मी दरवर्षी रस्त्यावर उभी असते, टाळ वाजले की माझेही पाय हलतात. पोरीला त्यापासून लांब ठेवून मला काय मिळणार आहे?

निळीपहाट

शुभेच्छा. त्या काकांवर लक्ष ठेवा. वर्गात येत नाहीत, पण नियम तेच करतात. वर्षाच्या शेवटी पालकसभेत डब्याचा विषय कुणीतरी काढायला हवा, आणि तो अंडं खाणाऱ्या घराने काढला तर तक्रार होते. तुम्ही काढलात तर सूचना होईल.

शेवंती

काढीन. आम्हीही खातोच अंडं, पण तुम्ही म्हणताय ते कळलं. आमच्या आडनावावर तेवढं खपून जाईल.

चिंचोका

नमस्कार. मीच तो नवरा. आयडी आत्ताच काढलाय.

बायकोने 'घालतोय' असं लिहिलंय त्यातला अर्धा आवाज माझा नाही हे नोंदवून ठेवतो. ताई चांगल्या आहेत, मान्य. पण चांगल्या माणसाने सांगितलेलंच पोरांच्या मनात खोल जातं, त्यामुळे मला वाईट ताईपेक्षा चांगल्या ताईची जास्त काळजी वाटते. विवेकवाटा यांचं 'एकाच कप्प्यात' हे मला अजून पटतं, आणि त्यावर इथे कुणी उत्तर दिलेलं नाही. कॅमेऱ्याचं मात्र मलाही उत्तर सापडलं नाही, म्हणून सही केली.

कामं वाटून घेतली आहेत. सकाळी सोडायला मी जाणार, अंबडची कंपनी साडेनऊची आहे. म्हणजे प्रार्थना रोज माझ्याच कानावर पडणार, हा बायकोचा न्याय. शाळेशी बोलायचं तिने. आणि आमच्या मातोश्रींशी बोलायचं मी. त्यांनी परवा फोनवर नातीला सांगितलं की शाळेतला बाप्पा आईबाबांनासुद्धा शहाणं करणार आहे. ताईंना निदान मुलं गेल्यावर भेटता येतं. आईला गाठायला अशी कुठली वेळ बरी, यावर जुना धागा असेल तर लिंक द्या.

टांगेवाला

असा धागा नाही. दोघातिघांनी काढायचा प्रयत्न केला होता, त्यांच्या आईही इथेच सदस्य निघाल्या.